नऊचा पाढा

जुलै सरत आला की अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, ओमाहात, माणसं भेटल्यावर हवापाण्याच्या आधी एकच प्रश्न विचारतात, "यंदा किती?" मका किती उतरेल हे कुणी विचारत नाही. नेब्रास्का विद्यापीठाचा फुटबॉल संघ हंगामातल्या बारा-तेरा सामन्यांपैकी किती जिंकेल, हा तो प्रश्न. आमच्या शेजारी एक निवृत्त शेतकरी राहतात. त्यांचं उत्तर ठरलेलं असतं : नऊ. मी २०१७ मध्ये इथे राहायला आलो. तेव्हापासून दर वर्षी ते नऊ म्हणतात, आणि तेव्हापासून एकाही वर्षी संघाने नऊ सामने जिंकलेले नाहीत. चार, चार, पाच, तीन, तीन, चार, पाच, सात, सात असा आजवरचा हिशेब आहे. वर्षं मात्र मोजून नऊ झाली.

येत्या हंगामासाठी माझा आकडा सहा आहे. सात झाले तर चांगलं, आठ झाले तर पेढे वाटीन. हे मी शेजाऱ्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शेजारच्या आयोवा राज्यातून आलेला हेर आहे. (आयोवाची गोष्ट पुढे येईलच.) त्या सहाची वकिली करायला हा लेख लिहितोय. "अपेक्षा कमी ठेव, म्हणजे दुःख कमी होईल" असं आपल्याकडे परीक्षेच्या निकालाआधी मुलांना सांगतात. तो मुद्दा माझा नाही. माझं म्हणणं जरा कडू आहे. हा संघ जो खाली गेला त्याचं एक मोठं कारण त्याच्याकडून ठेवलेली अपेक्षाच आहे. त्या अपेक्षेपायी चांगली माणसं गेली, पैसा गेला आणि वीस-बावीस वर्षं गेली.

ज्यांना हा खेळ परका आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेटवाला, लांबट चेंडूचा अमेरिकन फुटबॉल. नेब्रास्काची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढीही नाही. या राज्यात वरच्या स्तरावरचा एकही व्यावसायिक संघ नाही, ना फुटबॉलचा, ना बेसबॉलचा, ना बास्केटबॉलचा. त्यामुळे लिंकन शहरातला विद्यापीठाचा संघ, 'हस्कर्स', म्हणजे कणसं सोलणारे, हाच राज्याचा संघ. मेमोरियल स्टेडियम १९२३ मध्ये उभं राहिलं. १९६२ पासून तिथला प्रत्येक सामना 'हाउसफुल' आहे. चारशेहून जास्त सामने झाले, संघ जिंकत असो वा हरत असो, तिकिटं संपतात. सामन्याच्या दिवशी ते स्टेडियम राज्यातलं तिसरं मोठं शहर होतं असं म्हणतात, आणि लोकसंख्येचे आकडे पाहिले तर ते खरंच आहे. लाल कपडे, हातात 'रुन्झा', म्हणजे कोबी आणि खिमा भरलेला पाव, आणि संघाने पहिले गुण घेतले की आकाशात सोडलेले हजारो लाल फुगे. २०२२ मध्ये हेलियमच्या टंचाईमुळे फुगे बंद झाले. त्या वर्षी संघाची अवस्था पाहता हवा आधीच गेलेली होती, पण तो विनोद इथे मोठ्याने करायचा नसतो.

नऊ हा आकडा आला कुठून? तो टॉम ऑस्बॉर्नकडून आला. १९७३ ते १९९७ अशी पंचवीस वर्षं ते मुख्य प्रशिक्षक होते आणि एकाही हंगामात त्यांचे विजय नऊच्या खाली गेले नाहीत. २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरी. शेवटच्या चार वर्षांत तीन राष्ट्रीय विजेतेपदं : १९९४, १९९५, १९९७. ज्या माणसाचं वय आज पन्नास-पंचावन्न आहे, त्याच्या विशीत ही वर्षं येऊन गेली. माणसाला आपल्या विशीतला संघच खरा संघ वाटतो. मुंबईच्या जुन्या रणजीप्रेमीला विचारा, उपविजेतेपद म्हणजे काय असतं ते तो सांगेल.

पण ऑस्बॉर्नची आठवण काढणारे एक गोष्ट गाळतात. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळायला त्यांना बावीस हंगाम लागले. ओक्लाहोमा हा त्या काळातला मुख्य प्रतिस्पर्धी, आणि पहिली पाचही वर्षं ते ओक्लाहोमाकडून हरले. मोठा सामना यांना जिंकता येत नाही, हे त्यांच्याबद्दल वर्षानुवर्षं बोललं गेलं. १९८४ च्या जानेवारीत ऑरेंज बोल या हंगामाअखेरच्या मोठ्या सामन्यात मायामीविरुद्ध शेवटी एक गुण घेऊन बरोबरी साधता आली असती, आणि त्या बरोबरीवर विजेतेपद बहुधा मिळालंही असतं. ऑस्बॉर्न दोन गुणांसाठी गेले, चेंडू हातातून निसटला, ३१-३० ने हरले. तरीही त्यांना कुणी काढलं नाही. आज तसं झालं असतं तर?

आज काय होतं ते लिहून ठेवलेलंच आहे. ऑस्बॉर्ननंतर त्यांचेच सहकारी फ्रँक सोलिच आले. ५८ विजय, १९ पराभव, एकदा थेट राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत मजल. २००२ चा हंगाम ७-७ (सात विजय, सात पराभव) असा वाईट गेला, पण २००३ मध्ये संघ सावरला आणि नियमित हंगामात नऊ सामने जिंकला. त्या नऊनंतर सोलिचना काढून टाकलं. संघाला सामान्यपणाकडे घसरू देणार नाही, ओक्लाहोमा आणि टेक्सासपुढे हात टेकणार नाही, अशा अर्थाचं भाषण तेव्हाचे क्रीडा संचालक स्टीव्ह पेडरसन यांनी केलं. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, १९६१ नंतर पहिल्यांदाच संघाचे पराभव विजयांपेक्षा जास्त झाले, आणि सलग ३५ वर्षं बोल सामने, म्हणजे चांगल्या खेळलेल्या संघांना हंगामानंतर मिळणारे खास सामने, खेळण्याची साखळी तुटली. ज्या घसरणीला अडवायला निघाले होते, ती अडवणाऱ्यांनीच सुरू केली.

एकदा चूक झाली, समजण्यासारखं आहे. २००८ मध्ये बो पेलिनी आले. माणूस तापट, मैदानाच्या कडेला थयथयाट करणारा, पत्रकारांशी फटकून वागणारा. पण सात वर्षांत दर वर्षी नऊ किंवा दहा विजय. कमी नाही, जास्त नाही. २०१४ मध्ये नऊ विजय आणि तीन पराभव असताना, आयोवाला जादा वेळेत हरवल्यानंतर दोनच दिवसांनी, त्यांनाही निरोप मिळाला. तेव्हाचे संचालक शॉन आयकहॉर्स्ट यांना पत्रकारांनी विचारलं की आयोवाविरुद्धचा तो विजय हिशेबात धरला नाही का, तर उत्तराचा भावार्थ असा होता की आयोवा कुठल्या पातळीचा संघ आहे हेही बघावं लागतं. पुढच्या वर्षी आयोवाने नियमित हंगामातले बाराच्या बारा सामने जिंकले. त्यातला शेवटचा नेब्रास्काविरुद्ध. २०१५ पासून आजवर अकरा वेळा गाठ पडली, दहा वेळा आयोवा जिंकलं.

हे मला अजून नीट पचत नाही. नऊ हा आकडा देवघरात ठेवायचा, आणि तो दर वर्षी नेमाने आणून देणाऱ्या माणसाला नऊच का म्हणून घालवायचं! अपेक्षा म्हणून सांगितला जाणारा आकडा आणि मनातली खरी अपेक्षा यांत फरक होता. तोंडाने नऊ, मनात १९९५. मनातला आकडा कुणी कागदावर मांडला नाही, म्हणून तो शक्य आहे का हेही कुणी तपासलं नाही.

तपासलं असतं तर काय दिसलं असतं? नेब्रास्काचे चांगले दिवस काही हवेतून आले नव्हते. १९६९ मध्ये या विद्यापीठाने बॉइड एप्ली नावाच्या तरुणाला खेळाडूंच्या व्यायामासाठी पगारी नेमलं. तेव्हा वजनं उचलली तर खेळाडू जड आणि मंद होतो अशी समजूत होती. हस्कर्सनी वजनं उचलली आणि बाकीच्यांना धक्के दिले. दुसरी गोष्ट 'वॉक-ऑन' पोरांची. शिष्यवृत्ती नसलेली, गावागावांतून स्वतःच्या खर्चाने येणारी शेतकऱ्यांची मुलं तीन-चार वर्षं राबून संघात जागा मिळवत. तिसरी टीव्हीची. फार थोडे सामने दाखवले जात तेव्हा दिसणारे संघ मोजकेच होते, आणि नेब्रास्का त्यांत होतं. आता बघा. प्रत्येक विद्यापीठाकडे राजवाड्यासारखी व्यायामशाळा आहे. १९८४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रक्षेपणावरची मक्तेदारी मोडली आणि हळूहळू सगळेच पडद्यावर आले. शिष्यवृत्तीची मर्यादा ८५ वर आली. २०२५ पासून तर एका संघात जास्तीत जास्त १०५ खेळाडू असा नियम झाला. ज्या विद्यापीठात एके काळी दीडशेच्या आसपास पोरं सरावाला उभी राहत, तिथे गावाकडच्या वॉक-ऑन मुलाला जागा उरली कुठे? उरलं ते हवामान आणि अंतर. फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्नियात घराबाहेर पडलं की चांगला खेळाडू सापडतो. इथे विमानाने जाऊन आणावा लागतो, आणि जानेवारीत आणायचा तर त्याला बर्फही दाखवावा लागतो.

यातलं काहीही कुणा एका प्रशिक्षकाच्या हातात नव्हतं. नव्वदीतला संघ हा त्या काळाच्या परिस्थितीचा संघ होता. परिस्थिती गेली, आकडा मागे राहिला.

आता सध्याच्या प्रशिक्षकाकडे, मॅट रूल यांच्याकडे येऊ. २०२३ मध्ये ते आले ते एक पक्की दंतकथा सोबत घेऊन : यांचं तिसरं वर्ष बघा. टेम्पल विद्यापीठात पहिल्या वर्षी २-१०, दुसऱ्या वर्षी ६-६, तिसऱ्या वर्षी १०-४. बेलरमध्ये १-११, मग ७-६, मग ११-३. लिंकनमध्ये ५-७ झालं, ७-६ झालं, आणि २०२५ मध्ये सगळं राज्य तिसऱ्या वर्षाच्या चमत्काराची वाट बघत बसलं. झालं पुन्हा ७-६. दोन ठिकाणी जे घडलं त्याचा लोकांनी निसर्गनियम केला होता. दोन पावसाळे चांगले गेले म्हणून तिसऱ्या वर्षी विहीर न खणणाऱ्या शेतकऱ्याला आपण शहाणा म्हणणार नाही. माझे शेजारी स्वतः आयुष्यभर शेती करून आलेले, त्यांनी हा हिशेब मक्याबाबत कधीच केला नसता.

त्या सातांकडे जरा जवळून बघितलं की माझा सहा कुठून येतो ते कळेल. २०२५ मधले चार विजय एका टचडाउनच्या, म्हणजे साधारण सात गुणांच्या, आतले होते : सिनसिनाटीविरुद्ध २०-१७, मेरीलँडविरुद्ध ३४-३१, नॉर्थवेस्टर्न आणि यूसीएलएविरुद्ध २८-२१. असे निसटते पराभव दोनच, मिशिगन आणि यूएससी. म्हणजे अटीतटीच्या सहा सामन्यांत चार-दोन. नाणं एकदा जरी दुसऱ्या बाजूला पडलं असतं तरी सात विजय सहा झाले असते. उलट शेवटचे तीन सामने बघा : पेन स्टेटविरुद्ध २७ गुणांनी, आयोवाविरुद्ध २४ गुणांनी आणि बोल सामन्यात युटाविरुद्ध २२ गुणांनी पराभव. यूएससीविरुद्ध क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणारा खेळाडू, डिलन रायोला याचा पाय मोडला, हे कारण आहेच. पण तो आता संघातच नाही, दुसरीकडे गेला. चौदाशेहून जास्त यार्ड धावलेला एमेट जॉन्सन व्यावसायिक फुटबॉलच्या वाटेला लागला. बचावाची सूत्रं नव्या माणसाकडे गेली. सामन्याच्या वेळी देशातल्या पहिल्या पंचवीसांच्या क्रमवारीत असलेल्या संघाला हरवून नेब्रास्काला आता दहा वर्षं होत आली, शेवटचा असा विजय २०१६ मध्ये ओरेगॉनविरुद्धचा. एवढं सगळं समोर असताना नऊ म्हणायला छाती लागते. अक्कल लागत नाही.

इथे आकडेवारीवाले मित्र मला थांबवतात. त्यांचं म्हणणं असतं की नशीब दोन्हीकडे फिरतं. फ्रान्सिस गॅल्टनने १८८६ मध्ये उंच आईबापांच्या मुलांची उंची मोजून दाखवलं होतं की टोकाच्या गोष्टी पुढच्या खेपेला मधल्या उंचीकडे सरकतात. फुटबॉलमध्येही हे बरंच लागू पडतं. हातातून निसटलेला चेंडू कुणाच्या हाती लागेल हा निम्मा दैवाचा भाग असतो. तेव्हा ज्या संघाने निसटते सामने भरपूर जिंकले तो पुढच्या वर्षी खाली येतो, ज्याने भरपूर हरले तो वर येतो.

मलाही हे पटायचं, २०२२ पर्यंत. कारण २०२१ मध्ये नेब्रास्काने या नियमाला साजेसा नमुनाच पेश केला होता. तीन विजय, नऊ पराभव, आणि नऊच्या नऊ पराभव नऊ किंवा त्याहून कमी गुणांनी. (पुन्हा नऊ. हा आकडा पाठ सोडत नाही.) पूर्ण हंगामात प्रतिस्पर्ध्यांपेक्षा त्रेसष्ट गुण जास्त मिळवलेला संघ ३-९ असा संपला. सगळ्या शहाण्यांनी सांगितलं, पुढच्या वर्षी नशीब फिरणार. मी स्वतः त्या उन्हाळ्यात आठ म्हणालो होतो, नोंद असू द्या. मग ऑगस्टच्या शेवटी डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध संघ २८-१७ असा पुढे असताना प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्टनी ऑनसाइड किकचा, म्हणजे चेंडू आखूड मारून स्वतःच परत मिळवण्याचा जुगार खेळला. चेंडू गेला, लय गेली, ३१-२८ ने सामना गेला. नॉर्थवेस्टर्नने त्या अख्ख्या हंगामात जिंकलेला तो एकमेव सामना. फ्रॉस्ट यांच्या कारकिर्दीत एका टचडाउनच्या आतले सामने पाच जिंकले आणि बावीस हरले. सत्तावीस वेळा नाणं उडवून पाचदाच छापा पडत असेल तर नाणं तपासायला हवं. त्या पराभवांत नशिबाचा वाटा होता, पण शेवटच्या पाच मिनिटांत काय करायचं हे न कळण्याचा वाटा जास्त होता. म्हणून सरासरीवर विसंबून आशा बांधणं हेही एक प्रकारचं नवस बोलणंच.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात जड पुरावा. इंडियाना. कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात सर्वांत जास्त हरलेल्या विद्यापीठांत गणना होणारं हे नाव. २०२३ मध्ये ३-९. मग कर्ट सिग्नेटी आले, आधीच्या विद्यापीठातून डझनभर खेळाडू बरोबर घेऊन आले, आणि २०२४ मध्ये ११-२. त्याआधी इंडियानाने एका हंगामात दहा सामने कधीच जिंकले नव्हते. २०२५ मध्ये १६-० आणि राष्ट्रीय विजेतेपद. ट्रान्सफर पोर्टलमुळे खेळाडू आता वर्षागणिक संघ बदलतात, २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात, आणि २०२५ पासून विद्यापीठं थेट वाटा देतात, पहिल्या वर्षी कमाल २ कोटी ५ लाख डॉलर. अशा जगात जुनी उतरंड मोडलेली आहे. मग इंडियानाला जमतं तर आम्हाला का नाही, असं शेजारी विचारतात तेव्हा मला पटकन उत्तर सुचत नाही.

जे सुचतं ते असं. इंडियानाकडून कुणी काही मागितलंच नव्हतं. सिग्नेटी पहिल्या वर्षी पाच सामने जिंकले असते तरी त्यांचे हार घालून स्वागत झालं असतं. मोकळ्या हातांनी त्यांनी संघ बांधला. आणि पोर्टल जसा वर नेतो तसा खालीही आणतो. फ्लोरिडा स्टेटने २०२३ मध्ये तेराच्या तेरा सामने जिंकले, तरी राष्ट्रीय विजेतेपद ठरवणाऱ्या चौघांच्या प्लेऑफमध्ये जागा मिळाली नाही म्हणून केवढा गहजब झाला होता. पुढच्या हंगामाआधी त्यांचा क्रमांक दहावा लावला गेला. पहिलाच सामना जॉर्जिया टेककडून शेवटच्या किकवर हरले आणि हंगाम २-१० असा संपला. देशात वरच्या वर्गात खेळणारी विद्यापीठं १३० च्या वर आहेत. त्यांतून एक इंडियाना निघालं. लॉटरी लागलेल्या माणसाचा फोटो बघून घराचा हप्ता ठरवू नये, एवढंच माझं म्हणणं.

अपेक्षा ठेवणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागत नाही, हे मला सर्वांत जास्त खुपतं. फ्रॉस्ट यांना २०२२ च्या ११ सप्टेंबरला काढलं. कंत्राटानुसार १ ऑक्टोबरनंतर काढलं असतं तर त्यांना द्यायची रक्कम १ कोटी ५० लाख डॉलरवरून निम्म्यावर आली असती. तीन आठवडे धीर धरवला नाही, त्याची किंमत पंचाहत्तर लाख डॉलर. पेन स्टेटचा तर ताजा इतिहास आहे. जानेवारी २०२५ मध्ये प्लेऑफच्या उपांत्य सामन्यापर्यंत पोहोचलेला संघ, पुढच्या हंगामाआधी देशात दुसरा, आणि ऑक्टोबरमध्ये लागोपाठ तीन पराभवांनंतर जेम्स फ्रँकलिन बाहेर. त्यांना द्यायची कंत्राटी रक्कम त्या वेळी पाच कोटी डॉलरच्या घरात होती. मजा पुढे आहे. ती जागा रिकामी झाल्याबरोबर तिथलेच माजी खेळाडू असलेल्या रूल यांचं नाव चर्चेत आलं, आणि नेब्रास्काने घाईघाईने त्यांचा करार २०३२ पर्यंत वाढवला. त्यानंतर महिन्याभरातच पेन स्टेटच्या हंगामी प्रशिक्षकाच्या संघाने नेब्रास्काला ३७-१० असं धुतलं. एका गावाच्या हट्टापायी दुसऱ्या गावात भाव चढतो, तो असा.

आणि खाली, मैदानावर, कोण असतं? एकोणीस-वीस वर्षांची मुलं. त्यांना आता पैसे मिळतात, तेव्हा टीकाही सोसावी, असं म्हणणारे आहेत. मान्य, टीका सोसावी. पण पायरी सोडून लिहिलेला मजकूर फोनवर रात्रभर वाचायला लावणं ही टीका नव्हे. त्यात आता सट्टा आला. नेब्रास्कात कॅसिनोमध्ये खेळांवर पैसे लावता येतात, पण हस्कर्सच्या घरच्या सामन्यावर नाही, म्हणून लोक मिझुरी नदीचा पूल ओलांडून आयोवात जातात आणि तिथे आपल्याच संघावर पैसे लावतात. ज्याचे पैसे गेले त्याची अपेक्षा फार लवकर शिवीवर येते.

एवढं सगळं म्हटल्यावर दुसऱ्या बाजूचंही एक सांगायला हवं, नाहीतर मी संचालक मंडळाचा माणूस वाटेन. "धीर धरा, अपेक्षा आवरा" हे वाक्य प्रशिक्षकांच्या फार सोयीचं असतं. दर वर्षी 'पायाभरणी' चालू आहे म्हणत सात-आठ वर्षं कोट्यवधींचा पगार घेता येतो. वेळापत्रकातूनही अपेक्षा आवरता येतात : नेब्रास्काने २०२६ आणि २०२७ चे टेनेसीविरुद्धचे ठरलेले सामने रद्द केले, स्टेडियमच्या दुरुस्तीचं कारण देऊन, आणि त्या जागी हलके संघ बोलावले. दुरुस्ती खरी असेलही. पण तगडा पाहुणा नको आणि विजयांची बेरीज मात्र हवी, हे मला पटलेलं नाही. म्हणून माझ्या सहामध्ये एक अट आहे : हलक्या संघांवरचे विजय मी पूर्ण मोजत नाही. सहा झाले आणि त्यांत एक विजय क्रमवारीतल्या संघाविरुद्ध असला, तर तो हंगाम मला गेल्या दोन्ही सातांपेक्षा मोठा वाटेल.

अपेक्षा लेखी ठेवावी म्हणतो, पण तीही कशी लिहावी याचा एक नमुना आमच्या पलीकडच्या आयोवातच आहे. तिथे कर्क फेरेन्ट्झ १९९९ पासून मुख्य प्रशिक्षक आहेत. पहिलं वर्ष १-१०, दुसरं ३-९. नेब्रास्काच्या मोजपट्टीने ते तिसऱ्या वर्षी घरी बसले असते. आयोवाने ठेवलं, चौथ्या वर्षी अकरा सामने जिंकले. तेव्हापासून नेब्रास्काने सहा मुख्य प्रशिक्षक पाहिले, आयोवाने एक. पण त्याच आयोवाने २०२३ मध्ये आक्रमणाची जबाबदारी असलेल्या फेरेन्ट्झ यांच्या मुलाच्या कंत्राटात अटच घातली की संघाने सरासरी २५ गुण काढले पाहिजेत. निघाले पंधराच्या आसपास. संघ मात्र दहा सामने जिंकला! हंगाम अर्ध्यावर असतानाच त्याला पुढच्या वर्षी परत येऊ नकोस असं सांगण्यात आलं. आकडा लिहून ठेवला तरी तो कशाचा लिहिला हे महत्त्वाचं, हे त्या गुणांनी शिकवलं.

लिंकनच्या स्टेडियमच्या भिंतीवर हार्टली बर अलेक्झांडर नावाच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाच्या ओळी कोरलेल्या आहेत. विजयापेक्षा कृती, ध्येयापेक्षा खेळ, कर्मातच कीर्ती, असा त्यांचा आशय. पहिल्यांदा वाचल्या तेव्हा मला अर्थातच गीता आठवली, कुणाही मराठी माणसाला आठवेल. नंतर लक्षात आलं की त्या ओळींखालून आत जाणाऱ्या नव्वद हजारांत फळाची आशा न धरणारा एकही नसतो, मीही नाही. निष्काम प्रेक्षक ही चीज मी अजून पाहिलेली नाही. तिकिटाचे पैसे देऊन कुणी निष्काम होत नाही. मला फक्त एवढंच हवं आहे की फळ मागताना झाड कुठलं आहे ते बघावं.

परवा शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये बसलो होतो. तिथल्या जुन्या फ्रिजवर त्यांनी हंगामाचं वेळापत्रक चुंबकाने लावलंय. मी म्हटलं, एकदम आकडा नको, एकेक सामना घ्या आणि पुढे हार की जीत ते लिहा. त्यांनी पेन्सिल घेतली. प्रत्येक सामन्यापाशी थांबून, डोकं खाजवून, अगदी प्रामाणिकपणे लिहिलं. बेरीज आली सात. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीचा आयोवाचा सामना सगळ्यात खाली होता, समोर 'हार' लिहिलेलं. त्यांनी रबराने ते खोडलं, 'जीत' केलं, आणि पेन्सिल कानामागे खोचली. "आठ," म्हणाले.

मी काही बोललो नाही. एका बैठकीत एकाने उतरले, तेही खूप झालं.